खलनायकाला अश्रू द्यावेत काय?

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन असुरांची आठवण काढतो आणि त्या दोघांना दोन तऱ्हांनी वागवतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की कोकणात आणि इतरत्रही पुष्कळ घरांत तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात. ते कडू फळ म्हणजे नरकासुर. गोव्यात तर गावोगाव त्याचे अक्राळविक्राळ पुतळे उभारतात आणि उजाडायच्या आत जाळून टाकतात. मग लक्ष्मीपूजन होते, पाडवा उजाडतो, आणि आपण बळीराजाची पूजा मांडतो. ओवाळताना आयाबहिणी त्याचे राज्य पुन्हा येवो असे म्हणतात. आता बळी हाही असुरच, प्रल्हादाचा नातू! एक असुर पायाखाली आणि दुसरा पाटावर. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून उभे केले, पण घरोघरच्या बायका आपल्या परीने तेच आधीपासून म्हणत आल्या होत्या.

याचा अर्थ उघड आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी माणसाचे कूळ पाहिले नाही, करणी पाहिली. बळीने दिलेला शब्द पाळला आणि त्यापायी सर्वस्व गमावले. नरकासुराने सोळा हजार एकशे स्त्रिया बंदीत कोंडल्या. एवढा निवाडा त्यांना पुरेसा वाटला.

तथापि नरकासुराची कथा नीट आठवून पाहिली की एक बोच मनात राहते. पुराणिकांनी त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. तो भूदेवीचा, म्हणजे आपणा सर्वांना पोटाशी धरणाऱ्या धरतीचा मुलगा. मरताना त्याने एक मागणे मागितले, की या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकयातना होऊ नयेत. आणि कृष्णाने ते मान्य केले. म्हणजे त्याला आई आहे, मरणकाळी सुचलेली सद्बुद्धी आहे, आणि वर्षातला एक दिवस त्याच्या नावाचा आहे. पण त्या सोळा हजार एकशे स्त्रियांचे काय? त्यांपैकी एकीचे तरी नाव आपल्या घरात कोणाला सांगता येईल काय? त्या बंदीत किती दिवस होत्या, सुटून बाहेर आल्यावर त्यांनी एकमेकींकडे कशा नजरेने पाहिले असेल, हे विचारण्याची आपल्याला कधी गरजच वाटली नाही. त्यांचा एक आकडा झाला, आणि आकड्याला कोणी ओवाळत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरण्याचे कारण अगदी घरगुती आहे. मी छत्रपती संभाजीनगरात राहते, शाळेत मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, त्यामुळे साहित्यशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. जे काही कळले ते गोष्टी वाचून आणि वर्गात सांगून कळले. सध्या लिहीत असलेल्या कादंबरीत एक हेडमास्तर आहे. तो मुलांना मारतो, गरिबांच्या मुलांना अधिक मारतो, आणि गावात मानाने वावरतो. माझे प्रत्येक हस्तलिखित पहिल्यांदा वाचणारी एक मैत्रीण आहे. तिने निम्मी पाने वाचून कागद खाली ठेवले आणि म्हणाली, “लिहिलंस छान. पण याला थोडं माणूस कर गं. याची बायको वारलेली दाखव, याला लहानपणी बापानं मारलेलं दाखव. याच्यासाठी डोळ्यांत पाणी येईल असं एक तरी पान लिही.”

तिचे म्हणणे टाकाऊ नाही. किंबहुना आजकालचा सगळा सुसंस्कृत वाचक तिच्या बाजूने आहे. एके काळी खलनायक म्हटला की त्याची मिशी पीळदार, हसणे गडगडाटी आणि काळीज दगडाचे असे ठरून गेलेले असे. त्या कागदी राक्षसांचा वाचकांना वीट आला, आणि तो रास्तच होता. मग लेखक खलाच्या मनात डोकावू लागले. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि मराठी घरांनी कर्णाला जो जीव लावला तो आजतागायत ओसरलेला नाही. शाळेत असताना ती कादंबरी वाचून मीही उशी भिजवली आहे. जन्मतःच आईने नदीत सोडलेले मूल, सूत म्हणून पावलोपावली झालेला अपमान, हे वाचून ज्याला गहिवर येत नाही त्याने साहित्याच्या वाटेला जाऊ नये. पण याच १९६७ साली इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही प्रसिद्ध झाले, आणि त्यात महाभारतातल्या कोणालाच, कर्णालाही, देव्हाऱ्यात बसवलेले नाही. हे पुस्तक मी पुष्कळ उशिरा वाचले. वाचल्यावर द्यूतसभा पुन्हा डोळ्यांसमोर आली. एकवस्त्रा द्रौपदीला सभेत ओढून आणले तेव्हा तिची वस्त्रे फेडा असे सांगणारा कोण होता? तो कर्णच होता. त्याचे दुःख खरे होते, आणि त्याचे ते शब्दही खरे होते. मी ज्या रात्री उशी भिजवली, त्या रात्री माझ्या डोळ्यांतले सगळे पाणी कर्णाने नेले होते. द्रौपदीसाठी थेंबही शिल्लक नव्हता.

मला वाटते, खरा प्रश्न येथे आहे. एखाद्या दुष्टाचे दुःख सांगणे हे पाप नव्हे. पण वाचकाची करुणा अक्षय्य थाळीतून येत नाही. एका कादंबरीला दोनशे-तीनशे पाने असतात, नाटकाला तीन-चार तास असतात, आणि तेवढ्यात माणूस जितके रडू शकेल तितकेच रडतो. खलाला वाढलेले ताट कोणाच्या तरी पुढून उचललेले असते. ते कोणापुढून उचलले, हे लेखकाने पाहायला नको काय?

आणि करुणा एकट्या अश्रूंनीच जाते असेही नाही; ती हसण्यानेही जाते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले होते. त्यातला तळीराम आठवा. सुधाकरासारख्या बुद्धिमान वकिलाच्या हाती पहिला पेला देणारा हा माणूस. त्याचे ते आर्य-मदिरा-मंडळ, त्याची ती दारूची शास्त्रशुद्ध वकिली, यांवर शंभर वर्षे मराठी प्रेक्षक पोट धरून हसतो आहे. तळीराम रंगभूमीवर आला की सभागृह खुलते. आणि त्याच नाटकात सिंधू लोकांची दळणे दळते, आणि दारूच्या धुंदीत बापाच्या हातून तान्हे मूल जाते! गडकऱ्यांची थोरवी अशी की, त्यांनी हा हिशेब अर्धवट सोडला नाही. त्यांनी तळीरामाला गीता नावाची बायको दिली आणि तिला बोलते केले. आपण ज्याला हसतो त्याच्या घरात काय चालते, हे ती दारुड्याची बायको सांगते. तळीराम कितीही गमतीदार असो, गीता जोवर नाटकात आहे तोवर त्याला पुरती माफी मिळू शकत नाही. मात्र आपण पाठ करतो ते तळीरामाचे विनोद. गीतेचे बोलणे कोणी पाठ करीत नाही. हा दोष गडकऱ्यांचा नव्हे, आपल्या स्मरणशक्तीचा.

माझ्या हेडमास्तरामागे एक खरी आठवण आहे, ती सांगते. मी लहानपणी ज्या गावी शिकले तेथे एक गुरुजी होते. त्यांचा हात भारी जड. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. त्याची आई रोजंदारीने निंदणी-खुरपणीला जायची. एके दिवशी गणित चुकले म्हणून गुरुजींनी त्याच्या कानशिलात अशी लगावली की त्याच्या कानातून रक्त आले. दुसऱ्या दिवशी गावात बोलणे झाले. पण बोलणे काय झाले? पारावर, पिठाच्या गिरणीत, विहिरीवर सगळे हळहळून सांगत होते, की गुरुजींची बायको गेल्या साली बाळंतपणात गेली. बिचाऱ्यांचे चित्त थाऱ्यावर नसते. एवढा विद्वान माणूस, एकटा पडला. हे सगळे खरे होते. गुरुजींना कोणीतरी जेवायलाही बोलावले. तो मुलगा मात्र पुन्हा शाळेत आला नाही. त्याला एका कानाने ऐकू येईनासे झाले, हे मला पुढे त्याच्या आईकडून कळले. आणि तिला ते सांगायला माझ्यासारखी आठ वर्षांची मुलगीच मिळाली, कारण मोठ्या माणसांपैकी कोणी तिला विचारलेच नव्हते.

गुरुजींचे दुःख खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. पण त्या दुःखाचा गावाने जो उपयोग केला तो मला कळतो. ते दुःख म्हणजे एक पांघरूण झाले होते. पांघरूण गुरुजींवर घातले आणि त्याखाली मुलाचा कान झाकला गेला. मराठीत कारण आणि सबब असे दोन निराळे शब्द आहेत, ते उगीच नव्हेत. माणूस असा का झाला हे सांगते ते कारण; आणि आता त्याला काही विचारू नका असे सांगते ती सबब. खलनायकाला कारण अवश्य असावे. लेखकाचे सारे कौशल्य, ते कारण सबब होऊ न देण्यात आहे.

हे कौशल्य कसे असते, ते पाहायला आम्हा शहरवासीयांना फार लांब जावे लागत नाही. तीसएक किलोमीटरवर वेरूळ आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका अखंड डोंगरातून खोदून काढलेले कैलास लेणे सगळ्या जगाने नावाजलेले. शाळेची सहल दरवर्षी तेथे जाते, आणि दरवर्षी मी मुलांना दक्षिण बाजूच्या एका शिल्पापाशी थांबवते. रावण कैलास पर्वत हलवतो आहे. रावण खाली आहे, आपल्या अनेक हातांनी त्याने पर्वताला विळखा घातला आहे, आणि दगडाचा असूनही त्याच्या अंगातला जोर पाहणाराला जाणवतो. त्या शिल्पकाराने रावणाला मुळीच हिणवलेले नाही. त्याचे सामर्थ्य, त्याचा गर्व, सारे मनापासून घडवले आहे. वर शिव निवांत बसला आहे. पार्वती दचकून त्याला बिलगली आहे.

पण मी मुलांना जे दाखवते ते वेगळेच. पार्वतीच्या मागे एक दासी आहे, आणि ती पळते आहे. तिला बिलगायला शंकर नाही. पर्वत डळमळला तेव्हा देवाला काही झाले नाही, देवी देवाला धरून राहिली, आणि ही बिचारी पाठ फिरवून जीव घेऊन धावली. पुराणात तिला स्थान नाही, तिचे नाव कोणाला माहीत नाही. तिच्यावाचून कथेचे काही अडत नव्हते. तरी त्या कारागिराने तिच्यासाठी दगड खर्ची घातला. बलवान माणसाने डोंगर हलवला की सर्वांत आधी कोण घाबरते, हे त्या अनाम माणसाला ठाऊक होते. खलनायक कसा रंगवावा याचा याहून चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात सापडलेला नाही. रावणाला हवे तितके हात द्या, हवे तितके तेज द्या. पण पळणारी दासी कोरायला विसरू नका.

हा धडा आपल्या मराठी चित्रपटानेही एकदा उत्तम गिरवला आहे. १९७४ सालचा ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील निळू फुल्यांनी केला. हा हिंदुराव वाईट माणूस आहे, पण किती आतिथ्यशील! बेवारस पडलेल्या एका दारुड्या म्हाताऱ्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा हौसेने दाखवतो. श्रीराम लागूंचा मास्तर आणि हा हिंदुराव यांच्यात चक्क मैत्र जमते. आपणही हिंदुरावाच्या पंगतीत जाऊन बसतो. आणि तेवढ्यात मास्तर एक प्रश्न विचारू लागतो, की तो मारुती कांबळे नावाचा माणूस होता, त्याचे काय झाले? हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आतिथ्य खरे, मैत्र खरे. पण मारुती कांबळे कुठे आहे? तेंडुलकरांनी खलनायकाला माणुसकी भरभरून दिली, आणि त्याचबरोबर नाहीशा झालेल्या माणसाचे नाव प्रेक्षकाच्या कानात असे बसवले की पन्नास वर्षांनीही ते निघत नाही. येथे करुणेचा हिशेब चोख आहे.

निळू फुल्यांविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून पुढे कितीतरी चित्रपटांत त्यांनी पाटील, सरपंच, सावकार, पुढारी अशा भूमिका केल्या. माणूस स्वतः राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, साधा, सामाजिक कामाला वाहून घेतलेला. पण पडद्यावर त्यांनी प्रेक्षकांची कीव कधी मागितली नाही. ओरडणे नाही, आदळआपट नाही. सावकाश चाल, अर्धवट मिटलेली नजर, खर्जातला आवाज. खेडोपाडी बायका त्यांना खरोखरीच शिव्याशाप देत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या बायकांना अडाणी म्हणून हसणारे मी पाहिले आहेत. पण त्या अडाणी नव्हत्या. तसली नजर त्यांनी आपल्या गावात पाहिलेली होती, आणि पहिल्यांदाच कोणीतरी ती नजर पडद्यावर नेऊन, ही अशी असते, असे चारचौघांत सांगितले होते. त्या शिव्या म्हणजे त्या नटाला मिळालेली साक्ष होती. २००९ च्या जुलैत निळूभाऊ गेले. आता त्यांच्या तोंडी घातलेले, बाईला वाड्यावर बोलावणारे ते वाक्य मोबाइलवर थट्टा म्हणून फिरते. माझ्या शाळेतली मुलेसुद्धा ते म्हणून खिदळतात. ज्या वाक्याने एके काळी बाईच्या अंगावर काटा यायचा, त्याची गंमत झाली. तळीरामाचे जे झाले तेच हे. खल लोकप्रिय झाला की त्याचा वाडा लक्षात राहतो, आणि वाड्यावर बोलावलेली बाई विसरली जाते.

एवढ्यात माझ्या भाच्याने मला एका अगदीच अनोळखी मुलखात नेले. तो सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगला आहे, आणि सुट्टीत त्याचा मुक्काम व्हिडिओ गेमपुढे असतो. माझ्या हेडमास्तराची कथा ऐकून तो म्हणाला, “आत्या, तुझा हा माणूस जपान्यांनी आधीच करून ठेवलाय. बघ तर खरी.” मग त्याने मला ‘पर्सोना ५’ नावाचा खेळ दाखवला. ॲटलस या जपानी कंपनीने तो २०१६ साली काढला. त्याआधीपासून चालत आलेली ती एक मालिकाच आहे. खेळ म्हणजे उड्या मारणे आणि गोळ्या झाडणे अशी माझी समजूत; पण ही चक्क एक लांबलचक कादंबरी निघाली, फरक एवढाच की पान उलटण्याऐवजी बटण दाबायचे.

त्यातला पहिला खलनायक आहे एक शिक्षक. कामोशिदा त्याचे नाव. ऑलिंपिकचे पदक मिळवलेला, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा मार्गदर्शक. तो मुलांना सरावाच्या नावाखाली बडवतो आणि मुलींवर वाईट नजर ठेवतो. मुख्याध्यापकाला ठाऊक आहे, पालकांनाही कुणकुण आहे. पण संघ जिंकतो, शाळेचे नाव होते, म्हणून सगळे गप्प. मी बघत होते आणि माझे हातपाय गार पडत होते. हे टोकियो, आणि हे तर आमचेच गाव! गंमत अशी की त्या शाळेच्या नावाचा उच्चार जपानी भाषेत ‘कैदी’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो. या खेळात माणसाच्या मनात शिरता येते. कामोशिदाच्या मनात शिरल्यावर दिसते, की त्याच्या लेखी शाळा हा एक किल्ला आहे, तो त्याचा राजा आहे आणि मुले तळघरातली गुलाम आहेत. नरकासुराची बंदिशाळाच ती.

खेळ करणाऱ्यांनी या माणसासाठी आपल्या डोळ्यांतून एक टिपूस काढण्याचाही खटाटोप केलेला नाही. कारण दिले आहे: एकदा पदक मिळाले, त्यानंतर आजूबाजूच्या सर्वांनी त्याच्या वाढत्या हावेला खतपाणी घातले. तो स्वतः ही सबब पुढे करतो, पण खेळ ती मान्य करीत नाही. उलट शिहो नावाच्या मुलीवर आपली नजर खिळवून ठेवतो. त्याच्या जाचाला कंटाळून ती शाळेच्या गच्चीवरून उडी टाकते, आणि वाचते. पुढे मुले त्याच्या मनातल्या किल्ल्यात शिरून त्याचा राजमुकुट पळवतात. बाहेर आणल्यावर कळते की मुकुट म्हणजे ते जुने पदकच. मुकुट गेला आणि त्याचे मन पालटले. भर प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेपुढे, तो गुडघे टेकून आपले अपराध बोलून दाखवतो आणि म्हणतो, आता मी जीव देतो. तेव्हा शिहोची मैत्रीण ॲन उठून त्याला थांबवते. तिचे म्हणणे एवढेच, की पळू नकोस. शिहो एवढे सोसून जगते आहे, तूही जग आणि केल्याचे भर.

भाचा मला म्हणाला, “मला त्याची अजिबात दया आली नाही, पण तो मरावा असंही वाटलं नाही.” अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले. दया न करताही माणसाला माणूस म्हणून वागवता येते, ही मोठ्यामोठ्यांना न साधणारी गोष्ट त्याला त्या खेळाने शिकवली होती.

यावर कोणी म्हणेल, की बाई, तुम्ही फार कठोर होता. आपली परंपरा क्षमेची आहे. आमच्या शहरातून पुण्याच्या रस्त्याला लागले की वाटेत नेवासे फाटा लागतो. त्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली, आणि तिच्या अखेरीस ज्ञानदेवांनी जे मागितले ते आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा जावा असे मागितले. खरे आहे. पण वाकडेपणा जावा असे म्हणायला आधी तो वाकडेपणा आहे असे म्हणावे लागते. ज्ञानदेवांनी दुष्टाला सरळ म्हटलेले नाही. विसोबा चाटीची कथा पाहा. त्या भावंडांना मांडे भाजायला कुंभाराकडून खापरसुद्धा मिळू नये म्हणून हा माणूस धडपडला. संतचरित्रकारांनी त्याच्या दुष्टपणाला कुठलेही गोंडस पांघरूण घातलेले नाही. पुढे तोच विसोबा खेचर झाला आणि नामदेवांचा गुरू झाला. पण त्याआधी त्याला स्वतः वाकावे लागले. लेखकाने त्याच्याऐवजी आधीच अश्रू गाळून ठेवले असते, तर त्याला वाकायला जागाच उरली नसती. ॲन त्या शिक्षकाला जे सांगते ते आणि ज्ञानदेवांनी मागितले ते, यांत मला काही फार अंतर दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र राखली पाहिजे. खलाला सहानुभूती द्यायची नाही म्हणून त्याला राक्षस करून ठेवणे ही सोपी पळवाट आहे. राक्षसाला शिंगे असतात आणि आपल्याला नसतात, त्यामुळे वाचक निर्धास्त होतो. त्याहून वाईट म्हणजे खलाच्या पाठीमागे त्याची सारी जात, सारा धर्म, सारा मोहल्ला उभा करणे. आमच्या शहरात एका भिंतीला दोन धर्मांची घरे टेकलेली आहेत. येथे लिहिणाऱ्याला हे विसरून चालत नाही. दुष्टपणा ही माणसाची स्वकष्टार्जित मिळकत असते, वडिलोपार्जित नव्हे. बळी आणि नरक या दोन असुरांना दोन न्याय लावणाऱ्या आपल्या आजीला हे पुरते ठाऊक होते.

मराठीत ‘खल’ म्हणजे दुष्ट, औषध घोटायचा दगडी खलही खलच, आणि एखाद्या गोष्टीचा चारी बाजूंनी विचार करणे म्हणजे त्या गोष्टीचा खल करणे. खलनायकाचे काम हे तिन्ही आहे. त्याच्यात घोटून घोटून लेखकाला काहीतरी कडू पण गुणकारी काढायचे असते. त्यात साखर किती घालावी, हे औषध कोणासाठी आहे यावर ठरते. माझे औषध शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी आहे.

म्हणून मैत्रिणीला मी सांगितले, की हेडमास्तराची बायको वारलेली आहे, हे मी एका ओळीत लिहीन. ते खरे आहे, आणि खरे लपवू नये. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आणणारे पान मी लिहिणार नाही. ते पान मी मुलाच्या आईला दिले आहे. दिवसभर खुरपून ती घरी येते, चुलीपुढे बसते, आणि लेकाला हाक मारते. तो वळत नाही. ती पुन्हा हाक मारते. मग उठते, त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसते, आणि त्या दिवसापासून कायम त्याच बाजूला बसते.

मैत्रीण थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “त्या मुलाचं नाव काय ठेवलंस?” मी तिला नाव सांगितले.